अपूर्ण पत्ता

एकतीस वर्षं मी पत्ते वाचले,
परक्या हातांचे, पावसात शाई पसरलेले,
'मु. पो.' नंतर नुसतंच आडनाव असलेले,
आणि बसल्या जागी ओळखलं
कुठलं पाटणला जाईल, कुठलं मेढ्याला.
बोगद्यापलीकडे मात्र
पायी कधी गेले नव्हते.

आता सकाळी साडेसहाला बोगदा ओलांडते.
पाऊस संपला असं कुणी सांगत नाही,
पण घाटातलं पाणी आता ओरडत नाही,
कठड्याच्या कडेनं आपलं आपल्याशी बोलत उतरतं.
ऊन कोवळं म्हणता म्हणता
नवापर्यंत असं चावतं, की डोक्यावर पदर.
सोनकीनं अख्खा उतार पिवळा केलाय.
तेरड्याचा रंग उडत चाललाय,
आणि त्याची बोंडं!
बोट लावायचा अवकाश,
फट्कन फुटून बिया तळहातावर.
एकसष्ट वर्षांची बाई मी.
वीस फोडली. इकडेतिकडे पाहिलं.
मग अजून वीस.

पठाराच्या तोंडाशी धोंडाई आखाडे भेटते,
म्हशी पांगवून, कमरेला कोयती खोचून.
पहिल्या दिवशी माझ्या नव्या बुटांकडे बघत म्हणाली,
"चालतीस झ्याक. पर बगतीस कुटं?"

तेव्हापासून मी खाली बघते.

आणि काय सांगू, इथे प्रत्येकाला पत्ता आहे.
करटोली : घाणेरीच्या काटाळीत, उगवतीकडचा बांध,
पानाआड. हाक मारली तर येत नाहीत,
वाकावं लागतं.
आंबुशी : दगडाच्या सावलीच्या अंगाला,
जिथे दुपारीही बोट ओलं होतं.
भारंगी : कारवीच्या वर, निळसर फुलं,
शेजारी मुंग्या, सांभाळून.
कुर्डू : गाव सोडून गेला.
तुरे आले, पानं राठ झाली,
ज्येष्ठापर्यंत त्याचं टपाल परत.

करटोलीत नर वेलही असतो
हे मला या वयात कळलं.
फुलतो भारी, धरत काही नाही.
"आमच्या थोरल्या दिरावानी," धोंडाई म्हणाली
आणि आम्ही इतक्या हसलो
की पलीकडच्या म्हशीनं चरायचं थांबवलं.

एकदा मला अळंबी सापडली,
पांढरीशुभ्र, देवळाच्या छत्रीसारखी डौलदार.
पिशवीत टाकणार, तोच कोयतीच्या टोकानं
तिनं ती हातातून उडवली.
"नाव ठावं हाय हिचं?"
"नाही."
"मंग तिला बी तुजं न्हाई. ऱ्हाऊ दे."

पिकून फुटलेलं करटोलं मी हावरटासारखं धरलं,
नारिंगी, आतल्या बिया लालभडक,
तेव्हाही तेच. पिकलं ते बुलबुलाचं.
वेलावर एक तरी ठेवायचं, बीजाला.
मी मनात हिशेब केला : बारा दिसली,
तीन पाखरांची, एक बीजाचं, दोन तिची.
उरलेल्या सहांना कोण भाजी म्हणतं?

आमचे हे म्हणाले, "मंडईत मिळतात की.
एवढा घाट कशाला?"
लसणावर परतली, झाकण उघडलं,
आणि गॅलरीतून पेपर टाकून हेच आधी आले.
भाकरीनं कढई पुसली. मंडईचं नाव काढलं नाही.

आज धोंडाई नव्हती,
तिची चांदी म्हैस विणार होती.
मी एकटीच गेले. धुकं पातळ, दह्याच्या निवळीसारखं.
नेहमीची वाट सोडली, का ते ठाऊक नाही,
आणि एका आडव्या झाडाच्या मागे
वेल दिसला. लदलेला. कोवळा काटेरी हिरवा,
दवानं भिजलेला, कुणाचाही हात न लागलेला.
मी किती तरी वेळ नुसती उकिडवी बसले.
मग आठ घेतली. मोजून आठ.

कुठे, म्हणाल तर
यवतेश्वराच्या वर, जिल्हा सातारा.
एवढ्यावर कुठलं पत्र पोहोचत नाही,
मला ठाऊक आहे.
ऱ्हाऊ दे.